मामा किती उंच?

जयराम मास्तर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला बसले, त्याच दिवशी मला त्यांचा संशय आला. ताटातल्या दोन भाकऱ्या त्यांनी खाल्ल्या आणि उरलेल्या दोन ठेच्यासकट रुमालात बांधल्या. मी विचारलं, "कोणासाठी हो?" तर म्हणाले, "मांजर हाय घरी." ठेच्याशी भाकरी खाणारं मांजर मी तरी वाशीममध्ये पाहिलेलं नव्हतं.

आमचे हे म्हणायचे, तू पोलिसातच जायला हवी होतीस. म्हणोत बापडे. बोर्डिंगमधल्या पोरांचा स्वयंपाक माझ्याकडे होता आणि भरल्या घरात संशय न धरणाऱ्या बाईच्या डब्यातलं तूप टिकत नाही, हा माझा अनुभव आहे.

तेव्हा लढाईचे दिवस होते. वाशीमला इंटरपर्यंतचं एक लहानसं कॉलेज निघालं होतं. पुढे ते बंद पडलं, त्यामुळे आता नाव सांगूनही कोणाला आठवायचं नाही. मॅट्रिकनंतरची दोन वर्षं इथे करायची आणि बी.ए.ची पुढली दोन वर्षं नागपूरला, अशी सोय. आमचे हे तिथे लॉजिक शिकवायचे आणि बोर्डिंगचं बघायचे. पण खेड्यातले लोक पोरगं मॅट्रिक झालं की घरी बोलवून घेत. पुढे शिकवायचं म्हणजे नागपूरचा खर्च, आणि तो कोण करणार? तेव्हा कमिटीतल्या कोणीतरी शोध लावला की नागपूरच्या एका मोठ्या कॉलेजात बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरांना फी माफ असते, राहणं-खाणंही फुकट. म्हणजे आपण खेड्यातली पोरं आणायची, दोन वर्षं खेळ शिकवायचा आणि नागपूरच्या हवाली करायची. पोरांचं शिक्षण होईल, कॉलेजचं नाव होईल. त्यासाठी ड्रिलमास्तर म्हणून जयराम मास्तरांना आणलं.

कुठून आणलं, हे कोणालाच धड माहीत नव्हतं. मास्तर स्वतः ठेंगणे, माझ्या खांद्याला लागायचे, आणि मी काही उंच बाई नव्हे. खाकी अर्धी चड्डी, खडू फासून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. "तुम्ही कुठले?" विचारलं तर म्हणायचे, "इकडलाच." "बायको?" "होती." "मुलंबाळं?" यावर मास्तर शिट्टी तोंडात धरून जोरात फुंकायचे. समोर मैदान रिकामं असलं तरी फुंकायचे, आणि पोरं गोळा करायच्या निमित्तानं चालते व्हायचे. नको त्या प्रश्नावर शिट्टी फुंकणारा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही.

त्यात ते पहाटेचे आवाज. मी चूल पेटवायला उठायची तेव्हा मैदानाच्या बाजूनं चेंडू आपटल्याचा आवाज यायचा. पोरं तर सगळी अंथरुणात घोरत असायची. एकदा कंदील घेऊन मी गेलेही. मैदानात चिटपाखरू नव्हतं आणि आवाज तर चालूच होता, मागल्या भिंतीपलीकडून. भिंतीपलीकडे जिनिंगची जुनी खोली होती. मास्तर तिथंच राहायचे. मी यांना उठवून सांगितलं, "हा मनुष्य दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजची पोरं चोरून तयार करतोय." हे कूस बदलून म्हणाले, "करू दे."

पोरं निवडायची त्यांची तऱ्हा तर सगळ्यांवर कडी होती. ज्वारी निघाली की मास्तर खेडोपाडी निघायचे. शाळेत जायचे नाहीत की पाटलाकडे जायचे नाहीत, सरळ खळ्यावर जाऊन उभे राहायचे. कडब्याची गंजी रचताना एक जण खालून पेंढ्या फेकतो आणि दुसरा वर उभा राहून झेलतो, ते काम तासन्‌तास बघत राहायचे. तेही फेकणाऱ्याकडे नाही, झेलणाऱ्याच्या पायांकडे. मला वाटायचं, काहीतरी सोंग असेल. एकदा मी विचारलंच, तेव्हा म्हणाले, "वयनी, वरच्याचे पाय हालले नाई, त समजा खालचा आपल्या कामाचा. पेंढी ज्याच्या हातात द्याची त्याच्याच हातात देते तो." एवढं लांबलचक वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

मग पोराला बाजूला बोलावून त्यांचा ठरलेला प्रश्न असायचा: "मामा किती उंच?" बाप किती उंच, असं नाही, मामा. म्हणायचे, "पोरगं बापाच्या घरी जेवते, वाढते मामाच्या हाडावर." हे त्यांना कोणी सांगितलं, देव जाणे.

आता लढाईचे दिवस. बूट घातलेला अनोळखी माणूस गावात येतो, पोरांची उंची बघतो, हातांचे पंजे उघडून बघतो. लोकांनी काय समजायचं? कामरगावला बायांनी आरोळ्या दिल्या, पलटणीत नेणारा आला म्हणून. सगळी जवान पोरं कपाशीच्या वावरात जाऊन बसली. तिथल्या एका म्हातारीनं मास्तरांना विहिरीवर गाठलं आणि सरळ विचारलं, "काहून रे बाप्पा, मेल्यावर तुमी लेकरायचं मढं तरी घरी आनून देता काय?" मास्तर म्हणे तिच्यासमोर खाली मान घालून उभे राहिले. चेंडूचा खेळ आहे, असं सांगितलं. ती म्हणाली, "चेंडू खेळाले कोनी भाकर देते काय? आमाले येडं समजतं काय?" हे मास्तरांनी मला सांगितलं नाही. कामरगावचा एक भाजीवाला वाशीमच्या बाजाराला यायचा, त्याच्याकडून कळलं. मी म्हटलं, म्हातारीचं काय चुकलं? मलाही ते पटत नव्हतंच.

दुसऱ्या वर्षी मास्तरांनी रिठदहून श्रावणला आणलं आणि माझा संशय पक्का झाला.

श्रावण मॅट्रिक होऊन घरी बसलेला. दारातून वाकून यायचा आणि तरी चौकटीला डोकं आपटायचा. हात असे की पंगतीत बसल्या जागेवरून पलीकडच्या पोराच्या ताटातलं लोणचं उचलायचा. बापाचं नाव शेषराव, कोरडवाहू शेती, घर खाऊनपिऊन बरं. असा बाप आपला हातापायानं धड पोरगा चेंडू खेळायला पाठवील, हे मला खरंच वाटेना. पोराला जेवताना खोदून खोदून विचारलं. तो लाजला. म्हणाला, "काकू, माह्या सोयरिकीचं चाललं हाय. मास्तरनं आनली."

झालं होतं असं. चैत्र संपत आलेला, लग्नसराईचे दिवस. अशा दिवसांत स्वच्छ कपड्यातला परका माणूस घरी येतो, पोराला उभं करून खालीवर बघतो, आणि आईला विचारतो, "याचा मामा किती उंच? मामाचं गाव कोनतं?" आमच्याकडे असा माणूस एकाच कामासाठी येतो. शेषरावच्या बायकोनं लगेच पुरण शिजत घातलं. मास्तरांना पाटावर बसवलं, वर तुपाची धार. आणि मास्तर जेवले. श्रावणच्या म्हणण्यानुसार अर्ध्या पोळीला त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण हात थांबला होता. पण मग त्यांनी उरलेली पोळीही संपवली.

मग शेषरावनं विचारलं, "पोरगी काय शिकली?"

मास्तर म्हणाले, "चौथी."

"उंचीले?"

"हाय. तुमच्या पोराच्या कानाले लागन."

"आपल्यातलीच ना?"

मास्तरांनी पोरीचं कूळ, देवक सगळं सांगितलं. ते जुळलं. कोणाची पोरगी, हे शेषरावनं विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, "पोरगा दोन सालं वाशीमले शिकू द्या. मंग दाखवतो." शेषरावला वाटलं, वाशीमचं कुठलं तरी बडं घर आहे, त्यांना शिकलेला जावई हवा, आणि हा ठेंगू त्यांचा मध्यस्थ. पोरगं फुकट शिकतंय, वर सोयरीक पक्की. त्यानं हो म्हटलं.

मी तर कपाळाला हातच लावला. यांना म्हटलं, "बघा, खोट्या पोरीचं आमिष दाखवून पोरं आणतोय हा माणूस. उद्या रिठदचे लोक काठ्या घेऊन बोर्डिंगवर येतील." हे म्हणाले, "पोरगी खोटी कशावरून?" लॉजिकचा माणूस!

पण श्रावण खेळायला लागला आणि माझ्यासारखीलाही मैदानाच्या कडेला थांबून बघावंसं वाटू लागलं. दाळ निवडायचं सूप घेऊन मी पायरीवर बसायची. तो चेंडू फेकायचा तो पेंढीसारखाच, घेणाऱ्याला पाय हलवायला लागू नये असा. पोरगं स्वभावानंही तसंच होतं. माझ्या हातातली घागर न मागता घ्यायचं. त्याला शिकायचंही होतं. यांच्या जुन्या पुस्तकांतली दोन त्यानं मागून नेली आणि खरंच वाचली. एकदा मला म्हणाला, "काकू, मी नागपूरले गेलो नाई ना, त मंग जन्मभर खालून पेंढ्याच फेकन." त्या दिवशी मी त्याला एक भाकरी जास्त वाढली. मास्तर मात्र त्याचं तोंडावर कधी कौतुक करायचे नाहीत. संध्याकाळी आपले रुमालात दोन भाकऱ्या बांधायचे आणि भिंतीपलीकडे जायचे.

दोन वर्षं सरली. इंटरच्या परीक्षा झाल्या आणि नागपूरच्या कॉलेजातून खेळाचे एक साहेब अकोल्याच्या मोटारीनं आले. जेवायला आमच्याकडेच. माझं भरीत त्यांनी दोनदा मागितलं, त्यामुळे माणूस वाईट नसावा. श्रावणला त्यांनी खेळताना पाहिलं आणि हात धुताधुता मास्तरांना म्हणाले, "हा मुलगा आमचा. फी, होस्टेल, जेवण, सगळं आमच्याकडे. फक्त एक बघा. लग्न झालेला आम्ही घेत नाही. पेरणी आली, सण आला की पळतात घरी, आणि टीमचं वाटोळं होतं."

मास्तर म्हणाले, "नाई झालं त्याचं लगीन."

"ठरलंय का?"

मास्तरांनी शिट्टीला हात घातला, पण फुंकली नाही. म्हणाले, "नाई."

जाताना साहेबांनी बॅगेतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी गोल काढून मास्तरांच्या हातात दिलं. "तुम्ही मागितलं होतं ते," म्हणाले. मास्तरांनी ते पोटाशी धरलं आणि कोणी पाहिलं तर नाही ना, असं इकडेतिकडे बघितलं. मी पाहिलं होतं. मनात म्हटलं, सापडला. पोराच्या बदल्यात काहीतरी घेतोच आहे हा.

आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी शेषराव आला. नवा फेटा, नवं धोतर. ओट्यावर ऐसपैस बसला. मी दाराआड उभी राहिले. का राहू नये? माझंच घर होतं.

शेषराव म्हणाला, "मास्तर, दोन सालं झाले. तुमी म्हनलं तसं आमी थांबलो. आता पोरगी दाखवा. याच महिन्यात उरकून टाकू, मंग पोरगा वावरात कामाले येईन. माह्यानं आता वखर धरवत नाई."

मास्तरांनी रुमाल सोडला, पुन्हा बांधला. श्रावण आतल्या खोलीत माझ्या मागं उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. लग्न झालं तर नागपूर गेलं, आणि नाही म्हटलं तर बाप हाताला धरून रिठदला नेणार. दोन्हीकडून त्याच्या नशिबी पेंढ्याच होत्या.

मग मास्तर म्हणाले, "पोरीवाले आता वेगळंच म्हनून राह्यले."

"काय म्हनतात?"

"त्यायले बी.ए. झालेला पोरगा पायजे. इंटर नाई चालत. नागपूरचा सारा खर्च कॉलेज करन. अजून दोन सालं थांबा म्हनतात."

शेषरावनं फेटा सरळ केला. रागावेल असं मला वाटलं होतं, पण त्याचा चेहरा उजळला. "बी.ए.? मंग त लयच मोठं घर असन."

"मोठंच हाय," मास्तर म्हणाले.

"अन् दोन सालानं ते नाई म्हनले त?"

"त्यायच्याकडून नकार येनार नाई. तुमच्याकडून नकार आला त तुमी मोकळे. बी.ए. पोराले काय, कोनीबी देईन."

शेषराव खुशीत उठला. पोराच्या पाठीवर थाप मारून बाजाराकडे गेला. मास्तरही उठले आणि मान खाली घालून मैदानाच्या दिशेनं निघाले. आणि त्या दिवशी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, भाकऱ्यांचा रुमाल ते ओट्यावरच विसरले.

मी रुमाल उचलला. भाकऱ्या पोचवायला निघाले, असं मी यांना सांगितलं. खरं म्हणजे त्या भिंतीपलीकडे काय आहे, ते मला एकदाचं बघायचं होतं.

जिनिंगच्या खोलीमागे एक कडुनिंब होता. त्याच्या खोडाला, चांगलं उंचावर, मोटेच्या तोंडाचं लोखंडी कडं ठोकलेलं होतं. त्याच्या समोर एक मुलगी उभी होती. नेसत्या लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, पदर कमरेला खोचलेला. एवढी उंच मुलगी मी आजतागायत पाहिली नाही. वय वीसच्या आसपास असेल, म्हणजे त्या काळी दोन लेकरांची आई व्हायचं. नागपूरच्या साहेबांनी दिलेला कोरा चेंडू तिच्या हातात होता. तिनं तो फेकला आणि कड्याला न शिवता तो खाली आला. तिनं उचलला, परत फेकला, परत तसाच. मास्तर झाडाला पाठ लावून खाली बसले होते. ते बघत नव्हते, डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होते.

मी कोपऱ्याशीच थबकले. मुलीचं तोंड झाडाकडे होतं, तिला मी दिसले नाही.

ती म्हणाली, "काय झालं, बाबा? काय म्हनले रिठदवाले?"

मास्तर म्हणाले, "पोरगा नागपूरले चालला."

ती थोडा वेळ चेंडू नुसता हातात फिरवत राहिली. तिला सगळं समजलं होतं, हे तिच्या पाठीवरूनही मला कळलं. मग म्हणाली, "चांगलं झालं. पन त्याचा डावा हात कच्चा हाय. मी भिंतीवरून रोज पाह्यते ना. सांगजा त्याले."

आणि चेंडू फेकला. डाव्या हातानं.

मी रुमाल तिथंच कट्ट्यावर ठेवला आणि परत आले. घरी आल्यावर यांनी विचारलं, "भेटलं का मांजर?" मी पोळपाट घेऊन बसले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कोणाचा, तेच कळत नव्हतं. अख्खा तालुका पालथा घालून हा माणूस ज्या हातांचा शोध घेत होता, ते हात त्याच्याच घरी होते. आणि ते मागायला नागपूरहून कोणी साहेब कधी येणार नव्हता.

पुढचं सांगण्यासारखं थोडंच आहे. श्रावण बी.ए. झाला आणि नागपूरलाच नोकरीला लागला. त्याचं लग्न अमरावतीच्या एका वकिलाच्या मुलीशी झालं. शेषरावनं मास्तरांना आमंत्रण दिलं की नाही, मला माहीत नाही. तोवर कॉलेज बंद पडलं होतं आणि जिनिंगच्या खोलीला कुलूप होतं. मास्तर मुलीला घेऊन कुठे गेले, हे कोणाला विचारायचं? कोणी म्हणे मानोऱ्याकडे, कोणी म्हणे पार खानदेशात.

माझा संशय मात्र अजून फिटलेला नाही. मामाचं हाड त्यांना कोणी शिकवलं, ते आता कळलं. मुलगी मामावर गेली असणार, दुसरं काय? पण खळ्याखळ्यावर फिरताना मास्तर नेमकं काय शोधत होते, नागपूरसाठी पोरगा की त्या मुलीच्याही वर डोकं जाणारा जावई? मला वाटतं, सुरुवात जावयापासून झाली असावी. हे म्हणायचे, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. असेल. पण ओट्यावर त्या दुपारी दोन्हीतलं एकच हाती लागणार होतं, आणि मास्तरांनी ते दुसऱ्याच्या पोराला देऊन टाकलं.

मास्तरांना मी नंतरही कधीमधी मैदानात पाहिलं असेल, पण डोळ्यांसमोर राहिले आहेत ते मोटार अड्ड्यावरचे. श्रावणला पोचवायला आम्ही सगळे गेलो होतो. मी दशम्या बांधून दिल्या होत्या. शेषराव मोटारीशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "बी.ए. कराले चालला." गाडी सुटायला आली तेव्हा मास्तर पुढे झाले. खिडकीपर्यंत पोचायला त्यांना टाचा उचलाव्या लागल्या.

म्हणाले, "तुहा डावा हात कच्चा हाय. तिकडं गेल्यावर रोज पहाटे डाव्या हातानं फेकजो."

श्रावण हसला. "मास्तर, दोन सालात तुमी त कधी बोलले नाई हे. तुमाले आता कोनं सांगतलं?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, कट्ट्यावरचा रुमाल कोणी ठेवला हे त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि अशी जोरात फुंकली की पलीकडे कंडक्टर दचकून वळला. गाडी हलली. नाक्यापाशी, गाडी बघायला जमलेल्या बायांमध्ये, एकीचं डोकं सगळ्यांच्या वर दिसत होतं. खिडकीतून श्रावण हात हलवत होता तो बापाकडे बघून, आणि तिनंही पदराखालून हात काढला होता. डावा.